लोकरीचा धागा

निरीक्षक आले तेव्हा मी अंगणात रातांबे फोडत होते,
हात कोपरापर्यंत लाल.
म्हणाले, तुमची एक बाटली घ्या, तिठ्यावर जाऊ.

तिठ्यावर कुबलाचं दुकान.
सात वर्षं पाटी तीच : अस्सल कोकम, रुपये चाळीस.
माझं आगळ एकशे दहा.
गिऱ्हाईक दोन्ही बाटल्या उन्हात धरायचं,
कुबलाची जास्त लाल.
आणि जास्त लाल तेच खरं
असं मुंबईहून येणाऱ्या प्रत्येक गाडीला वाटायचं.

त्यांनी स्टोव्हवर दोन भांडी ठेवली,
पिशवीतून पांढऱ्या लोकरीचं रीळ काढलं,
एकेक धागा दोन्हीत उकळला,
मग नळाखाली धरला.
माझा धागा पांढरा होत गेला,
जरा गुलाबी राहिला, इतकंच.
कुबलाचा मात्र
नळ बंद केला तरी लालभडक.

दुकानाला सील लागलं.
त्या मे महिन्यात हाका न मारता दोनशे बाटल्या गेल्या.
मी म्हटलं, सरकार म्हणजे काय ता आज कळला.

पुढच्या चैत्रात तेच गृहस्थ माझ्या स्वयंपाकघरात.
सभ्य माणूस. चपला बाहेर काढल्या, पाणी प्याले,
कुठल्या विहिरीचं ते विचारलं
आणि लिहून घेतलं.
भिंतीला पाच फुटांपर्यंत फरशी.
खिडक्यांना जाळी.
पाण्याचा दाखला, प्रयोगशाळेचा.
सारवलेली जमीन चालणार नाही.

मी विचारलं, शेणामुळे माझी कुठली बाटली नासली?
ते म्हणाले, बाई, नियमाला चव नसते.
मग कुबलाला पकडलात तो धाग्यावर ना?
माझाही धागा बघा की.
ते खिडकीबाहेर बघत राहिले,
जिला जाळी नव्हती.

कुडाळच्या एमआयडीसीत कंपनी आली.
तिथे नियम वाचायलाच एक पगारी माणूस.
माझे रातांबे पिकायच्या आत त्यांचा नंबर आला.
तालुक्याच्या सभेत त्यांचा मॅनेजर उठून बोलला,
नियम आणखी कडक करा.
टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या,
घरी येताना एसटीत अर्थ लागला.

आणि कुबल परत आला.
तोच रंग, तीच बाटली,
खाली मुंगीएवढ्या अक्षरात :
कोकम स्वादाचे कृत्रिम पेय.
बाजूला नंबर. सगळं कायदेशीर.
भेटला तेव्हा हसला, म्हणाला, वैनी, आता मी खरा बोलतंय.

माझे सासरे खारबंधाऱ्याच्या उघाडीवर असत.
भरतीला फळी पाडायची, ओहोटीला उचलायची,
रात्री दोनला असली तरी.
एका वर्षी फळी मोडली,
खाडी आत आली, शेतात लव्हाळी उगवली.
मग कमिटीने घाबरून फळी खिळ्यांनी ठोकली.
खारं पाणी आलं नाही,
पण पावसाचंही बाहेर जाईना,
उभं भात कुजलं.
दोन्ही वर्षं तांदूळ आम्ही विकतच आणला.

यंदा बचत गटातल्या पाचजणींनी मिळून
सुलक्षणा मोंडकरच्या पडवीला फरशी बसवली.
जाळ्या लावल्या. नंबर आला, चौदा आकडी.
कर्जाचा हप्ता धरून बाटली एकशे चाळीसला पडते.
गटात दहावीसजणी यायला तयार होत्या,
फरशीचा खर्च ऐकून निम्म्या घरी राहिल्या.
त्यातली रुक्मा माझ्यापेक्षा चांगलं आगळ करते,
तिचं आता फक्त तिच्या जावयाला मिळतं.

निरीक्षकांची बदली झाली पालघरला.
जाताना लोकरीचं रीळ माझ्याकडे ठेवून गेले,
विसरले की ठेवलं, ठाऊक नाही.
गिऱ्हाईक अजून बाटली उन्हात धरतं.
मी हातभर धागा तोडून देते,
बारीक अक्षर दिसत नसेल तर
घरी जाऊन दोन्हीत उकळा म्हणते.

काहीजण धागा खिशात ठेवतात.
बाकीचे विचारतात, त्याची एवढी लाल कशी?
रीळ अजून अर्ध्याहून जास्त आहे.